दाढ काढली, पण प्रश्न सुटला का?

'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पूर्वी चण्यांची पंचाईत होती. आज बहुतेक घरांत चणे आहेत, शेंगदाणे आहेत, पण पन्नाशी ओलांडलेल्या कित्येकांच्या तोंडात ते चावायला दाढाच नाहीत. आपल्या खान्देशात तर जेवण म्हणजे भाकरी. कळण्याची असो की ज्वारीची, ती चावूनच खावी लागते. दाढा गेल्या की भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करावी लागते. मग हळूहळू शेंगदाणे सुटतात, कच्चा मुळा-काकडी सुटते, मेथीची भाजी सुटते. उरतो चहा, टोस्ट, बिस्किट आणि केळी. केळी चांगलीच, पण माणूस नुसत्या मऊ आणि गोड पदार्थांवर आला, त्यातच त्याला मधुमेह असला, की अशक्तपणा आणि रक्तातली साखर दोन्ही वाढू लागतात. अशा वेळी रुग्ण शक्तीचे इंजेक्शन मागायला येतो. खरे कारण त्याच्या तोंडात असते.

मी दंतवैद्य नाही, साधा एम.बी.बी.एस. जनरल प्रॅक्टिशनर आहे. परंतु गावात दाढ ठणकली की माणूस प्रथम आमच्याकडेच येतो. चार-दोन दिवसांच्या गोळ्या घेतो, ठणका थांबतो आणि विषय संपतो. पुन्हा दुखले की म्हणतो, "डाक्टरसाहेब, दाढ काढी टाका, कटकट मिटी जाई!" या एका वाक्यामुळे खान्देशात किती चांगल्या, वाचू शकणाऱ्या दाढा गेल्या असतील याची गणती नाही. म्हणूनच आजचा लेख. दाढ काढल्याने कटकट मिटत नाही. ती काही वर्षांनी परत येते, आणि येताना जास्त खर्च घेऊन येते. ते कसे, आणि दात वाचवण्याचे किंवा गेलेला दात परत बसवण्याचे कोणते उपाय आज उपलब्ध आहेत, ते क्रमाने पाहू.

कीड म्हणजे अळी नव्हे

दाताला कीड लागते म्हणजे त्यात अळी शिरते असे अनेकांना वाटते. धुरी देऊन दातातले 'किडे' काढून दाखवणारे लोक बाजारात पूर्वी सर्रास दिसत. ते किडे दातातले नसतातच. तोंडातले सूक्ष्म जंतू साखर आणि पिठूळ अन्न खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे वरचे कवच विरघळवते. हे कवच, ज्याला आपण इनॅमल म्हणतो, आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, हाडापेक्षाही कठीण. पण त्याची एक उणीव आहे. हाड मोडले तर जुळून येते, कातडी कापली तर भरून येते. इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, त्यामुळे त्याला पडलेला खड्डा आपोआप कधीही भरत नाही. तो वाढतच जातो.

कवचाच्या आत डेंटिन नावाचा थर असतो. कीड तिथवर पोचली की गार पाणी, गोड पदार्थ झोंबू लागतात. त्याच्या आत दाताचा जीव म्हणजे नस आणि रक्तवाहिन्या. तिथे कीड गेली की रात्री आडवे पडल्यावर ठणका सुरू होतो, कान आणि डोकेही दुखते. नंतर एक दिवस दुखणे एकदम थांबते. माणसाला वाटते, बरे झाले. प्रत्यक्षात दाताची नस मेलेली असते आणि जंतू मुळाच्या टोकाकडे निघालेले असतात. काही महिन्यांनी हिरडीवर पुळी येते किंवा गाल सुजतो.

ठणका लागल्यावर आपल्याकडे तंबाखूची चिमूट, तपकीर, कापूर असे काहीबाही दाढेत दाबतात. कुणी अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर धरून ठेवतात. त्याने हिरडी आणि गाल आतून भाजतो, दाढ बरी होत नाही. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून पोटात घ्यावी. सुजलेल्या गालाला बाहेरून गरम शेक देऊ नये. आणि जबड्याखाली किंवा गळ्याकडे सूज उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळताना त्रास होऊ लागला किंवा थंडी-ताप भरला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दाढेच्या पूने श्वासाचा मार्ग बंद होऊन जीव धोक्यात येऊ शकतो.

पहिली पायरी : दात भरणे

दात कोरून तो भरण्याची कल्पना फार जुनी आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे सुमारे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दाढांना गारगोटीच्या टोकाने छिद्रे पाडलेली आढळली. 2006 साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. आज भूल देऊन, किडलेला भाग काढून खड्डा भरणे हे अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे.

आपल्या पिढीच्या दाढांत 'चांदी' असते. ही शुद्ध चांदी नव्हे. चांदी, कथील, तांबे आणि पारा यांचे ते मिश्रण असते, आणि त्यात जवळजवळ निम्मा पारा असतो. दाढेत ते मजबूत ठरते. पाऱ्याचा वापर जगभर कमी व्हावा यासाठी 2013 साली मिनामाता करार झाला, त्यामुळे आता चांदीचा वापर कमी होत चालला आहे. मात्र तोंडात असलेली जुनी चांदी घट्ट आणि चांगली असेल तर भीतीपोटी ती उकरून काढण्याची गरज नाही.

आता दाताच्याच रंगाचे कंपोझिट भरतात. निळ्या प्रकाशाने ते जागच्या जागी कडक होते. ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट दाताला चिकटते आणि त्यातून थोडेथोडे फ्लोराइड सुटते, म्हणून मुलांच्या दातांसाठी आणि हिरडीलगतच्या खड्ड्यांसाठी ते उपयोगी आहे. कोणते भरायचे हे खड्डा कुठे आणि केवढा आहे यावर ठरते, तेव्हा तो निर्णय दंतवैद्यावर सोडावा.

इथे पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. मुलाच्या वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे आई-वडील तिला दुधाची दाढ समजतात. 'पडणारच आहे, कशाला खर्च?' म्हणून किडू देतात. ही दाढ जन्मभराची आहे. ती गेली की परत येत नाही. पहिली-दुसरीत जाणाऱ्या मुलाचे तोंड आजच उघडून पाहा. शेवटच्या दाढेवर काळा ठिपका किंवा रेघ दिसली तर लगेच दाखवून घ्या.

दुसरी पायरी : रूट कॅनाल आणि कॅप

कीड नसेपर्यंत गेली तरी दाढ काढलीच पाहिजे असे नाही. दाढेतली सडलेली नस काढून, मुळातल्या बारीक नळ्या साफ करून, त्यात गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरून नळ्या बंद करतात. यालाच रूट कॅनाल म्हणतात. 'फार दुखते' अशी त्याची कीर्ती आहे, परंतु चांगली भूल दिल्यावर दात भरताना होतो त्याहून विशेष त्रास होत नाही. लोकांना आठवतो तो त्रास बहुधा उपचाराआधीच्या ठणक्याचा असतो.

माझ्या पाहण्यात दाढा सर्वांत जास्त वाया जातात त्या याच टप्प्यावर. रूट कॅनाल झाले, ठणका थांबला, की माणूस कॅप बसवायला जातच नाही. 'आता दुखत नाही ना, मग कॅप कशाला?' असे म्हणतो. दिवाळीनंतर, कपाशीचे पैसे आल्यावर पाहू म्हणतो, आणि आखाजी येऊन जाते. किडीमुळे आणि कोरल्यामुळे अशी दाढ आतून पोकळ, भिंतींनी पातळ झालेली असते. एक दिवस शेंगदाण्याचा टणक दाणा किंवा भाकरीतला खडा येतो आणि दाढ उभी चिरते. मुळापर्यंत चिरलेली दाढ वाचवता येत नाही. रूट कॅनालचा सगळा खर्च आणि सगळ्या खेपा पाण्यात जातात आणि शेवटी ती काढावीच लागते.

म्हणून रूट कॅनाल सुरू करण्यापूर्वीच दंतवैद्याला तीन प्रश्न विचारावेत. एकूण किती खेपा होतील? कॅपसकट एकूण खर्च किती? आणि कॅप किती दिवसांत बसवायची? मजुरी बुडवून एस.टी.ने येणाऱ्या माणसाला खेपांचा हिशेब आधी कळला तर तो उपचार पूर्ण करतो. काही दाढांचे काम आता एकाच बैठकीतही होते; सगळ्यांचे होतेच असे नाही.

कॅप निव्वळ धातूची, धातूवर सिरॅमिक चढवलेली किंवा झिरकोनियाची असते. मागच्या दाढेला निव्वळ धातूची कॅप दिसायला बरी नसली तरी ती मजबूत असते आणि सहसा स्वस्तही पडते. समोर दिसणाऱ्या दातांना रंग जुळणारी कॅप लावावी. ऐपत नसताना महागड्या कॅपच्या नादी लागून उपचार अर्धवट सोडण्यापेक्षा साधी कॅप वेळेवर बसवलेली केव्हाही चांगली.

एक दाढ गेली तर बिघडते काय?

दात एकमेकांना आधार देत उभे असतात. मधली एक दाढ काढली की मागची दाढ मोकळ्या जागेकडे कलते. समोरच्या जबड्यातल्या दाढेला चावायला जोडीदार उरत नाही, म्हणून ती हळूहळू बाहेर सरकते. वाकड्या झालेल्या फटींत अन्न अडकते, तिथे नवी कीड लागते, हिरड्या सुजतात. माणूस त्या बाजूने खाणे सोडतो आणि दुसऱ्या बाजूवर दुप्पट भार येतो. शिवाय ज्या जागी दाताचे मूळ नाही तिथले जबड्याचे हाड झिजत जाते. गाल आत गेलेले, हनुवटी वर आलेली म्हातारी माणसे आपण पाहतो, ते नुसते वय नसते. हाड झिजल्याचा तो परिणाम असतो.

अक्कलदाढ याला बहुधा अपवाद असते. ती वाकडी असेल, वारंवार सुजत असेल आणि काढावी लागली, तर तिथे सहसा काही बसवावे लागत नाही. बाकी दातांबाबत 'काढला' हा शब्द आला की 'त्या जागी काय बसवायचे?' हा प्रश्न त्याच दिवशी विचारावा.

ब्रिज, कवळी आणि इम्प्लांट

गेलेला दात परत मिळवण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला ब्रिज. मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या दातांना घासून त्यांच्यावर कॅप घालतात आणि मधला खोटा दात त्या कॅपना जोडलेला असतो. तो पक्का बसतो, रोज काढावा लागत नाही. पण हिशेब पाहा. एका गेलेल्या दातासाठी तीन दातांचे काम करावे लागते, आणि शेजारचे चांगले दात घासावे लागतात. वेळेवर एक खड्डा भरला असता तर हे टळले असते. ब्रिजच्या खाली अन्न साचते, त्यामुळे तिथे साफसफाई कशी करायची ते दंतवैद्याकडून समजून घ्यावे.

दुसरा मार्ग काढता-घालता येणाऱ्या दातांचा, म्हणजे कवळीचा. काहीच दात गेले असतील तर अर्धी, सगळे गेले असतील तर पूर्ण कवळी करतात. तीच सर्वांत कमी खर्चाची. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहितो.

तिसरा मार्ग इम्प्लांट. स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क 1952 साली सशांच्या हाडावर प्रयोग करीत होते. हाडात बसवलेला टायटॅनियम धातूचा भाग काढायला गेले तर तो हाडाशी एकजीव झालेला आढळला. त्यातून 1965 साली पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर दात लावण्यात आले. आज ही पद्धत जगभर रूढ आहे आणि आपल्याकडच्या शहरांतही होते. जबड्यात स्क्रू बसवल्यावर हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने जाऊ देतात, मग वर दात लावतात. शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही, हा मोठा फायदा. खर्च मात्र सर्वांत जास्त. मधुमेह ताब्यात नसेल, बिडी-सिगारेट चालू असेल, तर स्क्रू हाडात न धरण्याचा धोका वाढतो. इम्प्लांट बसवला म्हणजे ब्रश करणे सुटले असेही नाही. त्याच्याभोवतीची हिरडी सुजून हाड झिजू शकते.

या सगळ्यात एक सूत्र दिसते. खड्डा भरणे सर्वांत स्वस्त आणि त्यात आपला दात आपल्याकडे राहतो. रूट कॅनाल-कॅप त्याहून महाग, तरीही मूळ आपलेच. त्यानंतरच्या बहुतेक उपायांत आपण पैसे जास्त देतो आणि मिळते ते मूळ दाताहून कमीच.

कवळी वापरणाऱ्यांसाठी

आपल्या घरातल्या कित्येक आजी-आजोबांची कवळी डब्यात पडून असते. 'टोचते', 'हलते', 'मळमळते' म्हणून दोन दिवसांत काढून ठेवलेली. कवळी म्हणजे नवी चप्पल नव्हे की पाय घातला आणि चालू लागलो. ती सवयीने जमते. काही गोष्टी पाळाव्यात.

वरची कवळी टाळूला चिकटून राहते, खालची मात्र जिभेमुळे हलते. खालची कवळी जमायला जास्त दिवस लागतात, हे आधीच माहीत असावे.

पहिले काही दिवस मऊ भात, खिचडी, कुस्करलेली भाकरी घ्यावी. घास लहान घेऊन दोन्ही बाजूंनी चावावा. पुढच्या दातांनी तोडू नये. बोलणे स्पष्ट होण्यासाठी हेच वर्तमानपत्र रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचावे.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी. हिरड्यांनाही विश्रांती लागते. उकळते पाणी वापरू नये, तिचा आकार बिघडतो. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरेसा आहे; खरखरीत पावडर किंवा राखुंडीने तिला चरे पडतात. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे ठेवावे, हातातून निसटली तर फुटत नाही.

टोचत असेल तर घरी कानशीने घासू नये. एका जागी घासले की दुसरीकडे बसत नाही. दंतवैद्य दोन-तीन भेटींत ती सारखी करून देतात, आणि या भेटी गृहीतच धरलेल्या असतात. जबड्याचे हाड झिजत राहत असल्याने काही वर्षांनी चांगली कवळीही सैल होते. तेव्हा ती आतून भरून घ्यावी किंवा नवी करावी. घरातल्या वारलेल्या माणसाची कवळी दुसऱ्याने वापरू नये, ती बसणारच नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे. कवळी काढून ठेवूनही तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, किंवा गालात-जिभेवर पांढरा वा लाल चट्टा दिसला, तर 'कवळी लागली असेल' म्हणून थांबू नका. कॅन्सरची शंका दूर करून घ्या. तंबाखू-मिश्री लावणाऱ्यांनी तर अजिबात वेळ घालवू नये.

मिश्री, गुटखा आणि न उघडणारे तोंड

भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावल्याने दात मजबूत होतात, हा समज आपल्या आया-बहिणींत फार रुजला आहे. मिश्रीने हिरडी सुन्न होते, म्हणून दुखणे जाणवत नाही. आतून हिरडी आणि हाड झिजतच असते. दातांच्या पावडरीत आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने 1992 सालीच बंदी घातली. घरी तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कायदा अडवू शकत नाही, तिला घरच्यांनीच अडवले पाहिजे.

गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. तरी पुड्या मिळतात आणि तरुण पोरे खातात, हे कुणापासून लपलेले नाही. सुपारीमुळे गालाची आतली कातडी ताठ होते आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का ते पाहावे. जात नसतील तर सुपारी-गुटखा त्याच दिवशी बंद करून तपासणी करून घ्यावी. हा विकार पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. दातांच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की अशा मुलाची मागची दाढ किडली तर दंतवैद्याचे हत्यार तिथवर पोचतच नाही. पंचविशीतल्या मुलाला रूट कॅनाल करता येत नाही, आणि पुढे कवळी करायची तर तीही तोंडात जात नाही.

बाजारातला 'फिक्स दात'

आठवडे बाजारात, बसस्टँडजवळ, पेटी मांडून 'एका तासात फिक्स दात' लावून देणारे लोक आढळतात. ते प्लॅस्टिकचा दात तारेने आणि घट्ट होणाऱ्या लुकणाने शेजारच्या दातांना चिकटवून टाकतात. खाली मूळ सडके राहिलेले असते. त्या लुकणाखाली अन्न कुजते, हिरडी सुजते आणि ज्या चांगल्या दातांना आधार घेतला तेही हलू लागतात. असा एक दात बसवून पुढे तीन-चार दात गमावलेली माणसे मी अनेकदा पाहिली आहेत. शिवाय तीच हत्यारे नीट न उकळता दहा तोंडांत फिरली तर बी आणि सी प्रकारची कावीळ किंवा एड्सचे विषाणू पसरण्याचा धोका असतो. नोंदणी नसलेल्याने दंतवैद्यकीचा व्यवसाय करू नये, असा कायदा 1948 सालापासून आहे. दवाखान्यात नोंदणी प्रमाणपत्र लावलेले असते. ते पाहण्यात संकोच करू नये.

मग गरिबाने जायचे कुठे? धुळ्याला साक्री रोडवर अण्णासाहेब चुडामण पाटील मेमोरियल दंत महाविद्यालय आहे. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात. खासगी दवाखान्यापेक्षा वेळ आणि खेपा जास्त लागतात, पण खर्च बराच कमी येतो आणि काम शास्त्रोक्त होते. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही चौकशी करावी.

दंतवैद्याला हे आधी सांगा

खुर्चीवर बसण्याआधी आपले आजार आणि औषधे सांगावीत. चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. मधुमेह असेल तर अलीकडचा रक्ताचा रिपोर्ट दाखवावा, आणि सकाळी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी जाऊ नये. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर सांगावे, पण ती आपल्या मनाने बंद करू नये. तिच्या अभावी हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. हृदयाची झडप बदललेली असेल तर दात काढण्यापूर्वी अँटिबायोटिक घ्यावे लागते. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या वा इंजेक्शन चालू असतील, जबड्याला शेक म्हणजे रेडिएशन घेतलेले असेल, कोणत्या औषधाची अॅलर्जी असेल, तेही सांगावे.

वाचकांच्या नेहमीच्या शंका

वरची दाढ काढल्याने डोळे अधू होतात का? नाही. दातांच्या आणि दृष्टीच्या नसा वेगळ्या आहेत. चाळिशीत दात जायला लागतात आणि त्याच सुमारास जवळचे दिसणे कमी होते, म्हणून लोकांनी दोन्हीची सांगड घातली आहे.

गरोदरपणी दातांचे उपचार करावेत का? जरूर करावेत. चौथ्या ते सहाव्या महिन्याचा काळ सोयीचा असतो. गरोदर असल्याचे आधी सांगावे. दाढेत पू साठवून ठेवणे हे उपचारापेक्षा जास्त घातक आहे.

वय सत्तर आहे, आता दात बसवून काय उपयोग? सत्तरीच्या माणसाला अजून रोज दोन वेळा जेवायचे आहे. मधुमेह-रक्तदाब ताब्यात असेल तर कवळीला वयाची आडकाठी नाही. चार माणसांत हसता येते आणि लग्नाच्या पंगतीत आपले ताट वेगळे मांडावे लागत नाही, हा फायदा औषधाच्या बाटलीत मिळत नाही.

दुखणे सुरू होण्याची वाट न पाहता वर्षातून एकदा तरी दात तपासून घ्यावेत. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइड असलेल्या पेस्टने ब्रश करावा. आज जेवण झाल्यावर आरशासमोर उभे राहा, उजेडात तोंड उघडा आणि खड्डा, काळी रेघ, हलणारा दात, न भरलेली जखम दिसते का पाहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, भाकरी चावता येते का? उत्तर नकारार्थी आले तर पुढच्या बाजारच्या दिवशी त्यांना सोबत घेऊन या आणि दंतवैद्याकडे दाखवा.

(पुढील आठवड्यात : हिरड्यांतून रक्त का येते?)